सव्वा महिना कुणाचा? शिरूर-दौंड भागातली बाळंतीण, तिची विश्रांती आणि तिचे श्रम

आजचा विषय आहे, बाळंतीण पुन्हा कामाला कधी आणि कशी लागते, त्याचा इतिहास. या विषयाला हात घातला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी खुरपं हातात घ्यायच्या." शिरूर असो की दौंड, पारावर, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर आपण सगळ्यांनी ते ऐकलेलं आहे. बहुतेक वेळा ते आजच्या सुनेला टोमणा म्हणून सुनावलं जातं. तेव्हा आज आपण हे वाक्यच तपासून बघू.

आधी परंपरा काय सांगते ते पाहू. आपल्याकडे नेम आहे तो सव्वा महिन्याचा. तेल लावणं, शेक, पोट बांधणं, ओवा-शेपा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, पाचवीला सटवीची पूजा, मग बारसं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, यातही एक व्यवहार होता: सासरच्या जात्यापासून आणि पाण्याच्या हंड्यापासून बाई काही दिवस सुटायची. यात विटाळाची कल्पना होती, कोंदट खोली होती, तेही लपवायचं कारण नाही. पण दुसऱ्या दिवशी शेतात जा, असं आपली परंपरा कुठेच सांगत नाही.

मग ज्या बायका गेल्या, त्या का गेल्या? कारण सव्वा महिना पाळायला घरात काहीतरी असावं लागतं. कणगीत धान्य लागतं, पाणी भरायला दुसरी बाई लागते, रोजची मजुरी बुडाली तरी चूल पेटेल एवढी ऐपत लागते. आपला हा पट्टा अवर्षणाचा. भीमा आणि घोडनदी जवळ असूनही कालवे येईपर्यंत बरीच शेती पावसाच्या भरवशावर होती. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. तो बांधला गेला १८७६ ते ७८च्या मोठ्या दुष्काळात, आणि खडी-मातीच्या कामावर दुष्काळग्रस्त मजूर होते. अशा कामांवर बायकाही असायच्या, त्यांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी असायची. पुढे १९७२च्या दुष्काळात आपल्या आजी-आयांनी खडी फोडली, तेव्हा तान्हं मूल झाडाला बांधलेल्या झोळीत असायचं. या बायका दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या असतील, तर अंगात फार ताकद होती म्हणून नव्हे. घरी बसणं परवडत नव्हतं, म्हणून.

आणि त्याची किंमत? ती टोमण्याच्या वाक्यात कधी येत नाही. बाळंतपणानंतर गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. पोटाचे स्नायू मधून फाकलेले असतात, ओटीपोटाखालचे स्नायू ताणलेले असतात. अशा वेळी डोक्यावर भारा किंवा पाटी आली, की पुढे 'अंग बाहेर येण्याचा' त्रास होण्याची भीती वाढते. हा शब्द आपल्या भागात प्रत्येक बाईला माहीत आहे, फक्त तो मोठ्याने उच्चारला जात नाही.

आता दुसरी बाजूही बघा. नुसतं पडून राहणं म्हणजे बरं होणं, असंही नाही. विलायतेतही एके काळी बाळंतिणीला दहा-पंधरा दिवस खाटेवरून उठू देत नसत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास खाटा आणि परिचारिका कमी पडल्या, बायकांना लवकर उठवलं गेलं, आणि फार पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा जो धोका असतो तो लवकर उठल्याने कमी होतो, हे डॉक्टरांना पटत गेलं. १९४८ मध्ये अमेरिकेतले डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला. तो व्यायाम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे शास्त्र सांगतं ते मधलं: घरातल्या घरात चालणं लवकर सुरू करा, स्नायू हळूहळू आवळायला-सोडायला शिका, पण जड उचलणं थांबवा. सिझेरियन झालं असेल तर आणखी सबुरीने आणि डॉक्टरांना विचारून.

कायदा यात कधी आला? आपल्या मुंबई प्रांतात १९२९ मध्ये. त्याआधी १९२८ मध्ये विधिमंडळात या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुद्दा मांडला होता, की आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. बाळंतीण घरचा खासगी मामला आहे, या समजुतीला तिथे तडा गेला. पुढे १९६१च्या कायद्याने बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवायला बंदी केली, आणि २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, आपला सव्वा महिनाच म्हणा की! आशाताई घरी येऊन ज्या भेटी देतात, त्यातली एक बेचाळिसाव्या दिवशी असते.

पण कायदा नोंदलेल्या नोकरीला धरून चालतो. रांजणगावच्या एमआयडीसीत कायम असलेल्या बाईला रजा आहे. दौंड-शिरूरच्या साखर कारखान्यांसाठी बीड-नगरकडून येणाऱ्या ऊसतोड बाईचं काय? तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल आधीच घेतलेली असते, एक दिवस बुडाला की खाडा लागतो. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं असतं. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. विश्रांती न मिळालेल्या शरीरांचा प्रश्न तेव्हा कुठे चव्हाट्यावर आला.

याच तालुक्यांत दुसरं उदाहरणही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. त्यांचा भर होता गावातलीच माणसं शिकवून तयार करण्यावर. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळंतिणीला सल्ला देणारं माणूस तिच्या ओळखीचं, तिच्या भाषेतलं असलं की 'अंग बाहेर येतंय' हे ती सांगू शकते. नाहीतर ती गप्प राहते.

तेव्हा मंडळी, ते वाक्य पुन्हा कानावर आलं तर दोन प्रश्न विचारू या. दुसऱ्या दिवशी गेलेली बाई कुणाच्या घरची होती? आणि पन्नाशीत तिची कंबर कशी होती? सव्वा महिना आपल्याच रीतीत आहे. तो ऐपतवाल्या घरापुरता न राहता कोपीवरच्या बाईपर्यंत कसा पोचेल, हे ठरवायचं काम आपल्यावर आलेलं आहे. घरात असाल तर सुरुवात सोपी आहे: हंडा दुसऱ्या कुणीतरी उचला, आणि तिला रोज थोडं चालू द्या.