दारचा रांजण

नेवासे तालुक्यात, गोदावरीपासून कोसभर आत, आमचे जुने गाव होते. गावाच्या पूर्वेला महारवाडा आणि महारवाड्याच्या तोंडाशी माळवदाचे एक दोन खणांचे घर. पुढच्या खणात मिशनची शाळा भरे, रविवारी तिथेच उपासना होई आणि मागच्या खणात आमची आजी चूल पेटवी. आजोबा त्या शाळेचे मास्तर. ओसरीच्या कोपऱ्यात खापराचा एक मोठा रांजण अर्धा जमिनीत पुरलेला असे. त्यावर लाकडी झाकण, झाकणावर घासून लख्ख केलेला पितळी तांब्या. येणाऱ्या-जाणाऱ्याने "मास्तर, सलाम" म्हणावे, ओसरीवर टेकावे आणि आपल्या हाताने तांब्या बुडवून पाणी प्यावे.

यात विशेष ते काय, असे आजच्या वाचकाला वाटेल. पण आमच्या पणज्याच्या हयातीत त्या गावात आपल्या हाताने तांब्या बुडवणे ही महाराच्या पोराच्या स्वप्नातलीही गोष्ट नव्हती. गावचा आड वरच्या आळीत. महारांच्या बायकांनी घागरी घेऊन आडापासून चार पावले दूर बसायचे आणि कुणा दयाळू बाईला पाझर फुटेपर्यंत वाट पाहायची. पाणी मिळे ते वरून, धार धरून. वाटसरू महार असला तर त्याने ओंजळ करायची आणि पाजणाऱ्याने हात उंच ठेवायचा. ओंजळीतून निम्मे पाणी कोपरावरून गळून जाई. आजी सांगे, "निम्मं पोटात, निम्मं मातीत. तहान भागंस्तवर मान मोडून यायची."

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिणारे कोणता मिशनरी कोणत्या साली कुठे उतरला हे सांगतात. तेही सांगायला हवेच. अमेरिकन मिशनचे हॉल आणि नॉट मुंबईत स्थिरावले ते १८१३ साली. नगरला (आता अहिल्यानगर) त्यांचे ठाणे झाले १८३१ मध्ये, आणि १८३३ मध्ये तिथे पहिली मंडळी स्थापन झाली. तिच्यात आरंभी कोण होते? शहरातल्या आश्रयगृहातले आंधळे, पांगळे, निराधार. १८४२ मध्ये त्याच शहरातून 'ज्ञानोदय' निघू लागले. हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे ब्राह्मणही आले, पण ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खेड्यापाड्यांतून जी माणसे आली ती बहुतेक महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली, आणि १८७६-७८ च्या दुष्काळाने त्यांची संख्या एकदम वाढली. पोटासाठी आले, अशी कुजबुज तेव्हाही झाली. मला तिचा राग येत नाही. उपाशी माणूस पोटासाठी येणार नाही तर कशासाठी येणार? आमचा पणजा त्याच दुष्काळात आला. परंतु भाकरी मिळू लागल्यावरही तो परत गेला नाही, आणि इतिहासकाराने खरे विचारायचे ते हे, की तो का राहिला.

माझ्यापुरते उत्तर मी त्या रांजणात शोधतो.

शाळेच्या आवारात मिशनने एक आड खणवला होता. त्याच्यावर रहाट होता, आणि तो कुणीही ओढावा. आजी पहाटे उठून जात्यावर बसे. ओव्या जुन्याच चालीच्या, फक्त विठ्ठलाच्या जागी येशू आला होता, आणि कधी कधी चुकून विठ्ठलच येऊन जाई. मग ती जीभ चावून हसे. दळण झाले की आडावर चार खेपा आणि रांजण काठोकाठ. संध्याकाळी कंदील लागला की घरची प्रार्थना. आजोबा शास्त्राचा एक अध्याय वाचीत, आणि पुढचा अध्याय आजीने वाचायचा असा नियम होता. ती बोट ठेवून, अडखळत, पण वाचीच. महारवाड्यातल्या इतर बाया सुरुवाती-सुरुवातीला दाराआड उभ्या राहून हे नवल पाहात. कागदाकडे बघून बाई बोलते! पुढे पुढे त्याच बाया मुलाची मुंबईहून आलेली कार्डे वाचून घ्यायला आजीकडे येत, आणि आजी त्यांतली वाईट बातमी जरा सौम्य करून वाची. शिकलेल्या माणसाने करावयाची ही पहिली लबाडी तिला कुणी शिकवावी लागली नाही.

पाण्याचा हा प्रश्न केवळ खेड्यातला होता असेही नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या थोरामोठ्यांपुढे चहाचे पेले आले. गोपाळराव जोश्यांनी पुढे हजर असलेल्यांची नावे छापविली आणि साऱ्या पुण्यात वादळ उठले. रानडे काय, लोकमान्य टिळक काय, त्या चहाच्या पेल्याने भल्याभल्यांना ग्रामण्यात ओढले आणि प्रायश्चित्ताची भाषा बोलायला लावली. पेल्यात चहापत्ती, दूध, साखर आणि पाणी यांखेरीज काही नव्हते. सारा तंटा त्यातल्या पाण्याचा.

आणि 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत (दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना वाचायला काही हवे असेल त्यांनी हे पुस्तक पुन्हा काढावे) त्यांना लक्ष्मीबाई टिळकांचे वडील आठवत असतील. १८५७ च्या धामधुमीत घरावर आघात झाला आणि त्या माणसाच्या मनात विटाळाची अशी धास्ती बसली की बाजारातून आलेले मीठ, साखरसुद्धा धुऊन घ्यायचे. मीठ धुतले तर उरणार काय? तरी धुवायचे. अशा घरातली ही मुलगी. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिच्यावर आकाश कोसळले. काही वर्षांनी ती नवऱ्याजवळ परतली ती आपले सोवळे बरोबर घेऊनच. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. पुढे नगर-राहुरीच्या त्या दिवसांत, चहूबाजूंनी दुष्काळ आणि प्लेग असताना, विचार करता करता तिच्या मनातून आधी जात गेली. धर्म बदलला तो त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तिने आधी माणसाच्या हातचे पाणी घेतले, मग बाप्तिस्म्याचे.

पंडिता रमाबाईंचेही थोडेफार असेच झाले. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा तिथल्या विधवांना आपले सोवळे-ओवळे पाळण्याची मोकळीक होती. पुढे केडगावला दुष्काळातून शेकडो मुली आल्या, नाना जातींच्या, हाडांचे सापळे झालेल्या. तिथे कुणाचे पाणी कुणी भरले हे विचारीत बसायला वेळ कुणाला होता?

इथवर लिहिले ते वाचून आमच्या समाजातली मंडळी खूश होतील. पण पुढचेही लिहिले पाहिजे.

त्या रांजणावर पितळी तांब्या असे, आणि रांजणामागच्या कोनाड्यात एक जर्मनचा पेलाही असे. पलीकडच्या वाडीवर मांग समाजातली तीन ख्रिस्ती कुटुंबे होती. रविवारी ती उपासनेला येत. प्रभुभोजनाच्या रविवारी पाळक नगरहून छकड्यातून येत, आणि एकाच प्याल्यातून सगळे द्राक्षारस घेत. महार घेत, मांग घेत, आजीही घेई. उपासना सुटली की तीच माणसे ओसरीवर पाणी मागत, आणि आजी कोनाड्यातला जर्मनचा पेला काढून त्यांना पाणी देई. तांब्या त्यांच्या हाती जात नसे. कुणी तसा नियम सांगितलेला नव्हता. आजोबांना दिसत नव्हते असेही नाही. ते त्या वेळी हजेरीपुस्तकात डोके घालून बसत. ज्या बाईने निम्मे पाणी मातीत सांडताना सोसले होते, तिनेच हे करावे! लहानपणी मला यातले काही कळत नव्हते. कळू लागले तेव्हा आजीवर फार रागावलो. आता राग नाही, पण लिहिल्यावाचून राहवतही नाही.

माझ्या वडिलांनी नगरला मास्तरकीचा अभ्यास करताना बोर्डिंगमधल्या ज्या मुलीशी लग्न ठरविले, ती अशाच एका मांगवाड्यातली होती. तिचे वडील लग्नसराईत सनई वाजवीत. लग्न देवळात झाले, पाळकांनी लावले, आजीने सुनेची ओटी भरली. पण घरी आल्यावर सुनेने रांजण भरलेला आजीला चालेना. "नवी नवरी हाय, दमंल," असे ती लोकांना सांगे आणि साठीकडे झुकलेली असूनही चारही खेपा आपण करी. सून आडावर गेली नाही, भांडली नाही. पाणी मात्र ती कोनाड्यातल्या जर्मनच्या पेल्याने पिऊ लागली. तांब्याला तिने हात लावला नाही.

त्या पावसाळ्यात आजीला हिवतापाने धरले. तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती. चौथ्या दिवशी पहाटे तिने पाणी मागितले तेव्हा घरात सून तेवढी जागी होती. पुढचे आजीच्याच तोंडून ऐकलेले मी सांगतो. "तिनं पेला भरून आणला. बगते तर त्योच जर्मनचा. आता म्या काय बोलू? पिले. वरून पिऊ का म्हनू? मानंखाली हात घालून तिनंच पाजलं." आईला मी पुष्कळदा विचारले, तो पेला तू मुद्दाम घेतलास का? "हाताशी तोच होता," एवढेच ती म्हणे, आणि भाकरी थापायला लागे.

माझ्या आठवणीतला रांजण आईने भरलेला आहे. जर्मनचा पेला पिठाच्या डब्यात मापासाठी असे.

घरात एवढे झाले, तरी गावचा आड जागच्या जागीच होता. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि त्याची वार्ता आजोबांनी शाळेत मुलांना वाचून दाखविली असे वडील सांगत. आपल्याला मिशनचा आड आहे, आपल्याला त्याचे काय, असे मात्र आमच्यातले काही जण म्हणाले. गावाने आमचा धर्म बदललेला मानला तो फक्त लग्न-मयताच्या वेळी. पाण्यापाशी आम्ही पूर्वीचेच होतो. पुढे १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत असे ठरले, तेव्हा सरकारदप्तरी आम्ही पूर्वीचे राहिलो नाही. आडापाशी जात होती आणि कचेरीत ती नव्हती. वडील या प्रकाराला हसत असत; ते हसणे मला आवडत नसे.

दिवाळीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हा अंक दिवाळीचा आहे. पाटलाच्या घरून दर दिवाळीला मास्तरांकडे फराळ येई. गडी सूप घेऊन येई आणि आजीच्या पदरात वरून करंज्या-शंकरपाळे ओती. नाताळात आजीकडेही करंज्याच होत, खसखस-खोबऱ्याच्या. पण त्या पाटलाकडे पाठवायची सोय नव्हती. शिजवलेले-तळलेले त्यांना चालत नसे. म्हणून आजी परतफेड करी ती कोरड्या शिध्याने, गहू, गूळ आणि वर एक नारळ. १९५६ च्या सुमारास असेल, पाटलाचा धाकटा मुलगा माझ्याच वर्गात होता. नाताळच्या सकाळी तो शाळेमागच्या निंबाखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्या करंज्या आमच्यापेक्षा मोठ्या असत्यात म्हनं." मी दोन आणून दिल्या. त्याने त्या उभ्याउभ्याच खाल्ल्या, तोंड पुसले आणि आमच्या ओसरीवर येऊन तांब्याने पाणी प्याला. आई दारात उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिले, मग वरच्या आळीच्या वाटेकडे पाहिले, आणि "जा आता, शर्टावरचं खोबरं झटक," म्हणाली.

पैठणला जायकवाडीचे धरण झाले, १९७६ मध्ये ते पुरे झाले, आणि नेवासे-शेवगावकडच्या इतर गावांबरोबर आमचेही गाव पाण्याखाली गेले. नव्या गावठाणात सगळ्यांना ओळीने सारखे प्लॉट मिळाले आणि चौकात एक नळ आला. आजी तेव्हा हयात नव्हती. रांजण उकरून काढताना फुटला; वडिलांनी तांब्या तेवढा बरोबर घेतला.

उन्हाळ्यात नाथसागर आटला की जुन्या गावाची जोती उघडी पडतात. दोन वर्षांपूर्वी मी नातवाला घेऊन तिथे गेलो होतो. आमच्या घराची जागा सापडली नाही. वरच्या आळीतल्या आडाचा कठडा मात्र दिसत होता, गाळाने काठोकाठ भरलेला. नातवाने विचारले, "आबा, हा तुमचा आड का?" मी म्हणालो, नाही, आमचा पलीकडे होता. मग आम्ही थोडा वेळ त्याच कठड्यावर बसून बाटलीतले पाणी प्यालो आणि ऊन चढायच्या आत परत निघालो.