गोदावरी परुळेकर यांचा ग्रंथ : डहाणू-तलासरीच्या इतिहासाचें एक साधन

डहाणूचें नांव निघालें कीं आम्हां इतिहासाभ्यासकांस वसईची मोहीम, आणि सन १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं घेतलेला तेथील किल्ला, एवढेंच आठवतें. त्या किल्ल्यामागील जंगलपट्टींत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारल्यांविषयीं आमच्या संग्रहांत फारच थोडें आहे. आणि जें आहे तें बहुधा दुसऱ्याच्या हातचें. सावकाराची वही, गहाणखत, कोर्टाचा हुकूमनामा! या कागदांवर वारल्याचें स्वतःचें म्हणून कांहीं असेल तर तो त्याचा आंगठा.

ही उणीव कांहीं अंशीं भरून काढणारा ग्रंथ म्हणजे श्रीमती गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’. तो १९७० सालीं निघाला व १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. परंतु साधन म्हणून त्याची पारख झाल्याचें प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत नाहीं.

साधनाची पारख करावयाची तर आधीं लिहिणाराची केली पाहिजे. बाईंचा जन्म १९०७ सालीं पुण्यास गोखले घराण्यांत झाला. वडील लक्ष्मणराव हे तेथील नामांकित वकील. फर्ग्युसन कॉलेजांत शिक्षण झाल्यावर बाईंनीं कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रांत ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. घरची परंपरा व हातची पदवी पाहतां पुढील आयुष्य जणूं आंखूनच ठेविलेलें होतें. पण १९३२ सालीं सत्याग्रहांत त्यांना शिक्षा झाली, वडिलांस तें रुचलें नाहीं, आणि बाई घर सोडून मुंबईस गेल्या. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सभासद झाल्या. १९३९ त श्यामराव परुळेकरांशीं विवाह झाला व पुढें उभयतां किसान सभेच्या कामास लागलीं.

सन १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथें वारल्यांची सभा भरली. हें गांव आज तलासरी तालुक्यांत असलें तरी त्या वेळीं उंबरगांव तालुक्यांत मोडत असे. जुने कागद शोधणाराने हें ध्यानांत ठेवावें. यापुढें वेठ करावयाची नाहीं, असा तेथें निश्चय झाला. त्याच पावसाळ्याअखेर गवतकापणीच्या दराचा प्रश्न उभा राहिला. पांचशें रत्तल गवतास अडीच रुपये, अशी मागणी होती. ता. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. पांच माणसें मेलीं. त्यांत जेठ्या गांगड हा होता.

आतां ग्रंथाच्या प्रामाण्याविषयीं. बाई या झगड्यांतील एक पक्ष होत्या, आणि ग्रंथ पंचवीस वर्षांनंतर प्रसिद्ध झाला. प्रसंग व संवाद यांच्या अंगानें तो पुढें सरकतो, त्यामुळें कादंबरीसारखा वाचवतो. हाच त्याचा गुण व हीच आमची अडचण. पंचवीस वर्षांनीं आठवलेलें संभाषण शब्दशः खरें मानतां येणार नाहीं. तथापि वेठ, आणि लग्नासाठीं कर्ज काढून जन्मभर सावकाराच्या घरीं राबणारे लग्नगडी, यांचें वर्णन ताडून पाहण्यास एक स्वतंत्र साक्ष उपलब्ध आहे. डी. सिमिंग्टन या गोऱ्या अधिकाऱ्याचा १९३९ सालचा अहवाल पाहावा. तो झरीच्या सभेच्या सहा वर्षें आधींचा. लाल बावट्याशीं त्याचा कर्ता कसलाही संबंध ठेवणारा नव्हे. वेठ व लग्नगडी या दोन्ही गोष्टी त्यांतही आहेत. विरुद्ध बाजूच्या माणसाची अशी साक्ष मिळाली म्हणजे कोणताही वकील संतोष पावेल. बाईंनीं वकिली केली नाहीं, तरी त्यांचा दावा या मुद्द्यावर टिकतो. तारखा व आंकडे मात्र सरकारी दप्तराशीं जुळविल्यावांचून घेऊं नयेत, असें आमचें मत आहे.

वारल्यांचें स्वतःचें लेखन नाहीं असें वर म्हटलें, तें अर्धेंच खरें. लग्नघरीं सवाशिणी तांदुळाच्या पिठानें भिंतीवर चौक लिहितात व मध्यें पालघट देवी काढतात. ही लिपी नव्हे हें खरें. पण भिंत सारवली कीं तीही जाते, म्हणून संग्राहकाच्या हातीं कांहींच लागत नसे. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांच्या हातून ही चित्रें विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत कागदावर येऊं लागलीं. म्हणजे बाईंचा ग्रंथ व कागदावरील हीं चित्रें यांचा काळ जवळजवळ एकच. म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली व त्यांचीं चित्रें परदेशीं पोंचलीं. त्यांच्याच मुलखांतील सावकारी वह्या मात्र अजून कोणी जमविल्याचें ऐकिवांत नाहीं.

डहाणू, उंबरगांव किंवा तलासरी येथील जुन्या सावकारी व जमीनदारी घराण्यांत १९४५ पूर्वींच्या खतावण्या असणारच. लग्नगड्याचें नांव, कर्जाची रक्कम व राबल्याचीं वर्षें एवढें टिपलेली एक वही जरी हातीं आली, तरी बाईंच्या व सिमिंग्टनच्या कथनाची तिच्यावरून ओळीओळीनें तपासणी करतां येईल.