हुतुतूचा इतिहास मंडळाच्या वहीत

आजचा विषय कबड्डी, पण टीव्हीवरची नाही. हिवाळ्यात आपल्या मौद्याकडे किंवा भंडारा रोडवरच्या एखाद्या गावात 'भव्य कबड्डी सामने' असा फ्लेक्स लागतो ना, त्या कबड्डीबद्दल बोलू. त्यावर वजनगट असतो, बक्षिसं असतात आणि ती देणाऱ्यांची नावं. खेळाडूंची नावं सहसा नसतातच. कारण तिथे खेळतं ते मंडळ.

हुतुतू जुनाच, पण नियम गावागणिक वेगळे. संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत होतो, गामिनीत होत नाही, अमरमध्ये बाद झाला तरी मैदानातच राहतो. मग दोन गावांनी सामना खेळायचा कसा? १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले आणि त्यांवर स्पर्धाही भरवली. आपल्या विदर्भात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे कबड्डी करून दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला.

आता थोडं आयर्लंडला जाऊ. तिथेही इंग्रजांचं राज्य होतं, आणि १८८४ मध्ये थर्ल्स गावात मायकेल क्युसॅक वगैरे मंडळींनी देशी खेळांसाठी संघटना काढली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे मुख्य खेळ. तिचा पाया म्हणजे गावोगावचे क्लब. आजही तिथला मोठा खेळाडू आधी आपल्या क्लबचा असतो आणि खेळण्याचा पगार घेत नाही.

आपल्याकडे २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. खेळाडूंना पैसे मिळाले, हे चांगलंच झालं. पण लिलावात बोली लागते ती खेळाडूवर, त्याला घडवणाऱ्या मंडळावर नाही. टीव्हीवरच्या प्रत्येक चढाईचा डेटा जपला जातो. गावच्या फायनलचा स्कोअर मात्र एका वहीत असतो, आणि ती वही कुणाच्या तरी माळ्यावर.

मी कोडिंगवाला माणूस, म्हणून सांगतो: बॅकअप नसलेला डेटा कधीही जाऊ शकतो. महासंघाच्या तारखा पुस्तकात सापडतील. तुमच्या मंडळाची पहिली ट्रॉफी कोणत्या साली आली, हे फक्त गावातल्या जुन्या गड्यांना माहीत आहे. त्यांना विचारा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, वहीचे फोटो काढा. आणि हो, या हिवाळ्यातच करा.