अतिया फैजी : लंडनचे एक वर्ष आणि परतीची वाट

मुरूडमार्गे जंजिरा किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवाशांना नवाबांचा राजवाडा दिसतो. किल्ला पाहायला आलेली माणसे त्याचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. या राजवाड्याशी नाते असलेली एक मुंबईकर मुस्लिम तरुणी 1906 साली शिक्षिका होण्यासाठी लंडनला गेली आणि तिथल्या रोजच्या जगण्याची रोजनिशी तिने उर्दूत लिहिली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ती तरुणी म्हणजे अतिया फैजी. शायरांच्या चरित्रांतून त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. त्यांची विद्यार्थिनी म्हणून ओळख मात्र आपल्यापर्यंत फारशी पोहोचली नाही.

अतियांचा जन्म 1877 चा, इस्तंबूलचा. वडील हसनअली हे व्यापारानिमित्त तिथे होते. घराणे सुलेमानी बोहरा, मुंबईच्या तय्यबजी खानदानाशी जोडलेले. 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी हे याच खानदानाचे. थोरली बहीण जोहरा, मधली नाजली आणि धाकट्या अतिया. नाजली बेगम जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांच्या बेगम झाल्या. या खानदानाची मूळ बोली गुजराती, पण त्यांनी जाणीवपूर्वक उर्दू स्वीकारली होती. घरातल्या घडामोडी वहीत नोंदवून ठेवण्याची त्यांची रीतही जुनी. स्त्रीपुरुष दोघेही त्या वहीत लिहीत. अतियांच्या हातातली लेखणी परदेशात गेल्यावर अचानक आलेली नव्हती.

1906 च्या सप्टेंबरमध्ये अतिया मुंबईहून ‘मोल्डाव्हिया’ या आगबोटीने निघाल्या. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. शिक्षणशास्त्राची पदविका घ्यायची, परत यायचे आणि आपल्या समाजातील मुलींना शिकवायचे, असा बेत होता. त्यांच्या निघण्यापूर्वी थोडेच दिवस, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, बद्रुद्दीन तय्यबजींचे लंडनमध्येच निधन झाले होते. ज्या शहरात घरातला वडीलधारा माणूस गेला, त्याच शहरात घरातली मुलगी शिकायला निघाली. त्या घरातील बायकांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करावी.

लंडनचे मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज 1878 मध्ये सुरू झालेले. माध्यमिक शाळांच्या शिक्षिका तयार करणाऱ्या इंग्लंडमधील आरंभीच्या संस्थांपैकी ते एक. आमच्यापैकी ज्यांनी बी.एड. केले आहे, त्यांना त्या वर्षाची ओढाताण वेगळी सांगायला नको. मानसशास्त्राची व्याख्याने, पाठ टाचण, सराव पाठ, मागच्या बाकावर बसून वहीत काहीतरी लिहिणारे निरीक्षक. आम्ही हे सगळे आपल्या मुलखात, आपल्या माणसांत केले, तरी रात्री झोप लागत नसे. अतियांनी ते परक्या भाषेत आणि परक्या थंडीत केले.

त्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंडनला पोहोचल्या. हिजरी 1324 चा रमजान त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात लागला आणि ईद नोव्हेंबरच्या मध्यावर आली. त्या दिवसांत लंडनचा सूर्य दुपारी साडेचार-पाचलाच मावळतो आणि ईदच्या सुमारास तर चारच्या थोडे पुढे. घरोघरी कोळशाच्या शेगड्या, बाहेर धुराने दाटलेले धुके. ज्या मुलीने रमजान म्हणजे अजान, इफ्तारीची लगबग आणि भरलेले घर एवढेच पाहिले होते, तिच्या वाट्याला असा महिना आला. परदेशाची खरी ओळख राणीच्या वाड्यापाशी होत नाही. ती अशा संध्याकाळी होते.

अतिया रोजनिशीची पाने थोरल्या बहिणीला, जोहरा बेगमना, पाठवीत. जोहरांनी ती नीट लावली आणि लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या साप्ताहिकाकडे धाडली. 1898 मध्ये सय्यद मुमताज अली आणि मुहम्मदी बेगम या दांपत्याने सुरू केलेले हे स्त्रियांचे पत्र उत्तर हिंदुस्थानातील परद्यातल्या घरांतून वाचले जाई. 1907 साली ही रोजनिशी त्यातून क्रमशः आली आणि 1921 मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने तिचे पुस्तक झाले. तहसील म्हणजे इथे कचेरी नव्हे. इल्म मिळवणे, शिक्षण.

या रोजनिशीत दोन सूर आहेत. शिस्त, वेळेचे भान, बागा, संग्रहालये, शिकवण्याच्या नव्या रीती यांचे मनापासून कौतुक आहे. त्यासोबत अभ्यासाचा ताण, थकवा आणि घरची ओढही आहे. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ही पाने आधी बहिणीसाठी लिहिली गेली, मग बहिणीच्या हातून गाळून जगासमोर आली. धाकट्या बहिणीने थोरलीला लिहिताना घरचे काळजीत पडतील म्हणून काय लपवले असेल आणि थोरलीने छापायला देताना लोक काय म्हणतील म्हणून काय वगळले असेल, हे इतिहासाच्या अभ्यासकाने स्वतःला विचारायला हवे. परदेशातून आलेले प्रत्येक पत्र असे दोनदा गाळलेले असते.

अभ्यासक्रम पुरा झाला नाही. प्रकृतीने साथ दिली नाही. 1907 च्या ऑगस्टमध्ये त्या जर्मनीत हायडेलबर्गला जाऊन आल्या आणि त्याच वर्षी पदविका न घेता मायदेशी परतल्या. गेल्या होत्या शिक्षिकेचे प्रमाणपत्र आणायला. आणली ती एक वही.

इथे आपल्या स्मरणशक्तीची गंमत पाहा. लंडनमध्ये 1907 च्या एप्रिलमध्ये अतियांची महंमद इक्बाल यांच्याशी भेट झाली होती. रोजनिशीत इक्बालांचा उल्लेख अगदी ओझरता आहे. चाळीस वर्षांनी, 1947 मध्ये, अतियांनी इंग्रजीत ‘इक्बाल’ हे छोटे पुस्तक काढले, तेव्हा तेच वर्ष इक्बालांच्या सहवासाचे वर्ष होऊन गेले. शिबली नोमानींनी अतियांना लिहिलेली पत्रेही प्रसिद्ध झाली आणि चर्चा त्यांचीच झाली. परिणाम असा झाला, की अतिया दोन मोठ्या पुरुषांच्या चरित्रातील एक प्रकरण होऊन राहिल्या. पहाटे उठून कॉलेजला जाणारी, थकून खोलीवर परतणारी, तरी वही उघडून बसणारी विद्यार्थिनी बाजूला पडली. आम्हा शिक्षकांना तीच अतिया जवळची वाटते.

मराठी वाचकाला या ठिकाणी आनंदीबाई जोशी आठवतील. 1883 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, 1886 मध्ये एम.डी. झाल्या आणि परतल्यावर 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांनी पदवी आणली, पण ती वापरायला आयुष्य उरले नाही. अतियांना आयुष्य मिळाले, पदवी मिळाली नाही. एकीची आठवण आपण आदराने जपली आणि दुसरीच्या शिक्षणाचा विषय सोडून दिला. पुरे न झालेल्या शिक्षणाला मोल नसते, असे आपण कुठेतरी मनात धरून बसलो आहोत.

हा प्रश्न कोकणातील आपल्या घरांना नवा नाही. कुवेत, सौदी, दुबई, मस्कत इथे गेलेल्या माणसाला परतल्यावर पहिला सवाल होतो, ‘काय आणलंस?’ 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि सुमारे 1 लाख 70 हजार हिंदी माणसांना मायदेशी आणावे लागले. त्यांत आपल्या रत्नागिरी-रायगडचे लोकही होते. पुष्कळजण अंगावरच्या कपड्यांनिशी आले. त्यांनी तिथे काय सोसले, तिथले काय आवडले, परतताना कशाचे वाईट वाटले, हे कुणी फारसे विचारले नाही. जी माणसे परत आली, त्यांच्या मनात दोन मुलूख कायमचे राहिले. पैशाचा हिशेब घरोघरी झाला. या दुसऱ्या हिशेबाची वही कुणी घातली नाही. आमच्या वर्गातील मुले निबंधात ‘अब्बा ईदला येणार आहेत’ असे लिहितात, तेव्हा हे आम्हाला हटकून आठवते.

परतल्यावर अतिया स्वस्थ बसल्या नाहीत. 1912 मध्ये पुण्यात जन्मलेले, बेने इस्रायली समाजातून आलेले चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी त्यांचा निकाह झाला; रहमीन यांनी इस्लाम स्वीकारला. हिंदुस्थानी संगीतावर अतियांनी 1914 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. फाळणीनंतर मात्र मुंबईचे घर सोडून दोघे कराचीला गेले. तिथे वसवलेले घरही त्यांच्या हातून गेले. उतारवयात हलाखी आली. 1964 मध्ये रहमीन गेले, 1967 मध्ये अतिया. ज्या बाईला तिशीत लंडनहून मुंबईची ओढ लागली होती, तिला म्हातारपणी मुंबईची वाट राहिली नाही. घरी परतणे हे प्रत्येकाच्या नशिबी दुसऱ्यांदा नसते.

म्हणून ती वही आम्हाला मोलाची वाटते. प्रमाणपत्र ज्याचे त्याच्यापुरते असते; भिंतीवर टांगले जाते आणि पिवळे पडते. अतियांच्या वहीमुळे शेकडो कोस दूर, परद्याआड बसलेल्या बायकांनी एक कॉलेज, एक वर्ग, एकट्याने काढलेले दिवस पाहिले. मुलींना शिकवायचे म्हणून त्या गेल्या होत्या. ते शिकवणे वर्गाबाहेर झाले, एवढेच.

मराठीत या रोजनिशीचा चांगला अनुवाद झाला पाहिजे. आणि तो होईपर्यंत आपल्या घरातील परतलेल्या माणसांजवळ एखादी संध्याकाळ बसावे. काय आणले हे विचारून झाले असेल. आता कसे राहिलात, हे विचारावे. आणि सांगतील ते लिहून ठेवावे.