झाड की कोष्टक? डेटाबेसच्या इतिहासातील एक वाद

शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर नावाची एक जाडजूड वही असते. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाला तीत एक क्रमांक मिळतो आणि मूल शाळा सोडून गेले तरी तो क्रमांक दुसऱ्या कोणाला देत नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला या वहीवरूनच लिहायचा. शाळेत आणखीही कितीतरी याद्या असतात: हजेरीपट, निकालपत्रक, शिष्यवृत्तीची यादी. हजेरीपटात 'सुरेखा' असलेली मुलगी निकालपत्रकात 'सुलेखा' झाली, तर आपण वाद घालत बसत नाही. जनरल रजिस्टर उघडतो.

एकच माहिती चार ठिकाणी लिहिली की ती चार प्रकारची होते, हा अनुभव कारकुनांना फार जुना आहे. संगणक आल्यावर तो नाहीसा व्हायला हवा होता. झाले उलटेच. १९५०च्या दशकात प्रत्येक आज्ञावलीची स्वतःची चुंबकीय फीत असे. पगाराची फीत वेगळी, भविष्यनिर्वाह निधीची वेगळी. कामगाराचा पत्ता एका फितीत बदलला तरी दुसरीत जुनाच राही. शिवाय फितीच्या शेवटची नोंद हवी असेल तर सगळी फीत फिरवत न्यावी लागे. १९५६ साली आयबीएमने 'रॅमॅक' हे यंत्र आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलमधल्या एखाद्या छायाचित्राएवढीच ही जागा! पण तबकडीवरच्या कोणत्याही नोंदीकडे थेट जाता येत होते आणि फितीवर अशक्य असलेली एक गोष्ट त्यामुळे शक्य झाली. सगळ्यांची माहिती एकाच जागी ठेवून तिच्यातील नोंदी एकमेकींना जोडता येऊ लागल्या.

जोडायच्या कशा, यावरून पुढे वीस वर्षे वाद चालला. या लेखात आपण त्याच वादाकडे पाहणार आहोत.

पहिले उत्तर चार्ल्स बाकमन यांचे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी 'आयडीएस' ही प्रणाली रचली. तीत प्रत्येक नोंदीजवळ पुढच्या नोंदीचा पत्ता लिहिलेला असे. एक नोंद सापडली की तिचे बोट धरून दुसरीकडे, दुसरीचे धरून तिसरीकडे जायचे. दुसरे उत्तर अपोलो मोहिमेतून आले. चंद्रावर जाणाऱ्या यानाच्या लाखो सुट्या भागांची यादी सांभाळायची होती. यानाचे मोठे भाग, त्यांचे उपभाग, त्यांचेही उपभाग अशी ती यादी झाडासारखी फांद्याफांद्यांनी वाढत जाणारी. आयबीएमने यान बांधणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने त्यासाठी 'आयएमएस' ही प्रणाली तयार केली आणि १९६८च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे ती कामाला लागली.

झाडाची मांडणी वाईट नव्हती. तालुका, तालुक्यात शाळा, शाळेत वर्ग, वर्गात मुले, असे झाड आपणही काढू शकतो. 'सातवी अ मधील मुले कोणती?' असे विचारले की खोडावरून फांदीवर आणि फांदीवरून पानावर गेले की झाले. पण 'वडगावहून येणारी मुले कोणती?' असे विचारा. वडगावची मुले सगळ्या शाळांत, सगळ्या वर्गांत विखुरलेली आहेत. झाडात गावाची फांदीच नाही! आता प्रत्येक पान तपासत हिंडायचे, नाहीतर गावानुसार दुसरे झाड लावायचे. दुसरे झाड लावले की तेच नाव दोन ठिकाणी आले आणि सुरेखाची सुलेखा व्हायला पुन्हा वाट मोकळी झाली.

यापेक्षाही मोठी अडचण आज्ञावली लिहिणाऱ्यांची होती. झाडात कोणत्या वाटेने जायचे हे प्रत्येक आज्ञावलीत पायरीपायरीने लिहिलेले असे. उद्या कोणी झाडाची मांडणी बदलली, तर त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या मोडत आणि माणसांचे महिनेच्या महिने त्या दुरुस्त करण्यात जात.

एडगर कॉड यांना हे पाहवले नाही. कॉड इंग्लंडमध्ये १९२३ साली जन्मले, ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. युद्धानंतर अमेरिकेत जाऊन ते आयबीएममध्ये लागले. मधली काही वर्षे, मॅकार्थी यांच्या राजकारणाचा वीट येऊन, त्यांनी कॅनडात काढली. सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत असताना जून १९७० मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. सामायिक माहितीसाठ्यांसाठी 'संबंधां'वर आधारलेली मांडणी असा त्याचा विषय होता.

नववीला संच शिकवणाऱ्या शिक्षकांना या निबंधाचा गाभा परका वाटणार नाही. दोन संचांचा कार्टेशियन गुणाकार घेतला आणि त्यातील काही जोड्या निवडल्या की होतो संबंध. जोड्यांऐवजी तिकड्या, चौकड्या घेतल्या तरी चालते. (क्रमांक, नाव, गाव) अशा तिकड्यांचा संच कागदावर लिहिला की तेच कोष्टक! संच असल्यामुळे दोन गोष्टी आपोआप आल्या: ओळींचा क्रम महत्त्वाचा नाही आणि तीच ओळ दोनदा येऊ शकत नाही. फांद्या नाहीत, पत्ते नाहीत. एका कोष्टकाचा दुसऱ्याशी दुवा जोडायचा तो त्यातील मूल्यांनी. 'विद्यार्थी' कोष्टकात क्रमांक, नाव, गाव. 'गुण' कोष्टकात क्रमांक, विषय, गुण. दुसऱ्यात नाव लिहायचेच नाही. क्रमांक आहे, नाव पहिल्यातून मिळेल. आपल्या जनरल रजिस्टरचा क्रमांक नेमके हेच काम करतो. तो शाळेपुरता पुरतो. राज्यासाठी वेगळा हवा. म्हणूनच २०१५ साली महाराष्ट्रात 'सरल' प्रणाली सुरू झाली तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला नवा क्रमांक द्यावा लागला.

निबंधात कॉड यांनी सुटे भाग आणि प्रकल्प यांची एकच माहिती पाच प्रकारच्या झाडांत मांडून दाखवली. कोणतीही एक आज्ञावली घेतली तरी त्या पाचांपैकी किमान तीन मांडण्यांत ती फसते, हे त्यांनी सिद्ध केले. आम्हाला हा भाग सगळ्या निबंधात अधिक पटण्यासारखा वाटतो. वापरणाऱ्याला आतल्या मांडणीची माहिती असण्याची सक्तीच नसावी, हे म्हणणे त्यातून उघडच दिसते. दुसरा एक नियम त्यांनी घातला तो फार व्यवहारी आहे: एका चौकटीत एकच मूल्य. शाळेची माहिती संगणकावरील तक्त्यात ठेवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन लिहिले, की त्यांतील एक शोधणे किंवा बदलणे अवघड होते. त्यांच्यासाठी (विद्यार्थी क्रमांक, दूरध्वनी) असे वेगळे कोष्टक करावे. वर्गशिक्षकाचे नावही प्रत्येक मुलापुढे लिहू नये. शिक्षक बदलले की चाळीस दुरुस्त्या येतात आणि त्यांतली एखादी राहतेच.

बाकमन यांना १९७३ साली संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी आज्ञावलीकाराला माहितीच्या सागरातील नाविकाची उपमा दिली. वाट काढणे हेच त्याचे कौशल्य. गंमत अशी, की वाट ठरवण्याचे काम माणसाकडून काढून घ्या असे म्हणणारे कॉड स्वतः वैमानिक होते! १९७४ साली अमेरिकेतील ॲन आर्बर येथे दोन्ही पक्षांचा जाहीर वादविवाद झाला. नाविकांच्या पक्षाचा आक्षेप साधा नव्हता. माणूस फक्त 'काय हवे' ते सांगणार, तर 'कसे शोधायचे' ते कोण ठरवणार? यंत्र ठरवील तर ते माणसाइतके चलाख असेल कशावरून? कोष्टके गणितात शोभतात, कामाच्या ठिकाणी ती रांगतील, असे अनेकांना वाटत होते.

याचे उत्तर वादविवादातून मिळणारे नव्हते. करून दाखवायला हवे होते. ते दोन ठिकाणी झाले. बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी 'इंग्रेस' प्रणाली बांधली आणि आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' उभी राहिली. तिथल्या पॅट्रिशिया सेलिंजर यांनी १९७९ साली मांडलेली रीत पाहण्यासारखी आहे. समजा शाळेत ५०० मुले आहेत, त्यांतील १२ वडगावची, आणि 'गुण' कोष्टकात ३००० ओळी. 'वडगावच्या कोणत्या मुलांना गणितात ८०हून अधिक गुण आहेत?' असा प्रश्न आला. आधी ३००० ओळी चाळाव्यात, की आधी १२ मुले काढून प्रत्येकाचे गुण शोधावेत? यंत्र प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजाने मोजते आणि स्वस्त वाट धरते. एखादे नेमके मूल्य चटकन सापडावे म्हणून अनुक्रमणिका असते. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंग कंपनीत असताना १९७०च्या सुमारास शोधलेल्या 'बी-ट्री'मुळे ती झटपट चालते. अनुक्रमणिकेच्या प्रत्येक पानावर १०० नोंदी धरल्या, तर १०० × १०० × १०० म्हणजे १० लाख नोंदींतून हवी ती नोंद तीन पाने उलटून सापडते. झाडाला हाकलले, ते अनुक्रमणिकेच्या रूपाने आत येऊन बसले! फरक एवढाच, की आता ते वापरणाऱ्याला दिसत नाही.

प्रश्न विचारायची भाषाही इथेच घडली. कॉड यांची स्वतःची भाषा गणिती चिन्हांची होती. ती कारकुनांच्या हाती देणे कठीण. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी साध्या इंग्रजी शब्दांची 'सीक्वेल' ही भाषा रचली. पुढे त्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाल्याने ते 'एसक्यूएल' झाले. आपला प्रश्न तीत असा लिहितात:

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर गाव = 'वडगाव'

कोठे शोधायचे, कोणत्या क्रमाने, याचा यात एकही शब्द नाही. ही भाषा जगापुढे आली तीही १९७४च्या ॲन आर्बरच्या त्याच सभेत. बॉइस मात्र त्याच वर्षी ऐन तारुण्यात मेंदूतील रक्तस्रावाने गेले.

आयबीएमने आपल्याच माणसाच्या कल्पनेचे उत्पादन बाजारात आणायला अकरा वर्षे घेतली. आयएमएस चांगली चालत होती आणि चालत्या दुकानासमोर आपणच दुसरे दुकान कोण थाटील? प्रयोगशाळेचे निबंध मात्र छापले जात होते आणि ते कोणालाही वाचता येत होते. ते वाचून लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स यांच्या छोट्या कंपनीने १९७९ साली 'ओरॅकल' विकायला काढले. आयबीएमचे पहिले उत्पादन १९८१ साली आले. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८६ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने एसक्यूएलला प्रमाण भाषा ठरवले. २००० साली रिचर्ड हिप यांनी लिहिलेली 'एसक्यूलाइट' ही चिमुकली प्रणाली आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. आपल्या फोनमधील संपर्कांची यादी अशाच कोष्टकांत ठेवलेली असते.

झाडे मात्र नाहीशी झालेली नाहीत. आयएमएस आयबीएम आजही पुरवते. २००९ साली आलेल्या 'मोंगोडीबी'सारख्या प्रणालींत एका विद्यार्थ्याची सगळी माहिती, म्हणजे नाव, पत्ता, गुण, पालकांचे दूरध्वनी, एकाच फांद्या असलेल्या नोंदीत ठेवता येते. एका मुलाचे प्रगतिपुस्तक पडद्यावर दाखवायचे असेल, तर हे फार सोयीचे आहे. सगळे एका ठिकाणी हाताशी मिळते. पण प्रत्येक मुलाच्या नोंदीत वर्गशिक्षकाचे नाव लिहिलेले असेल आणि जूनमध्ये शिक्षक बदलले, तर चाळीस नोंदी उघडाव्या लागतात.