परदेशी कंपनीचे शेअर्स विकलेच नाहीत, तरी रिटर्नमध्ये दाखवायचे का?

पुण्यातल्या आयटीवाल्या मित्रांकडून जुलै महिना आला की मला हमखास येणारा प्रश्न: "अमेरिकन कंपनीचे आरएसयू मिळालेत, विकले नाहीत, मग दाखवायचं काय?" उत्तर एका शब्दात: दाखवायचे. शेड्यूल एफए कमाई विचारत नाही, मालकी विचारतं. त्यासाठी आयटीआर-१ चालत नाही; आयटीआर-२ किंवा ३ भरावा लागतो.

खरी गंमत तारखांची आहे. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, पण शेड्यूल एफए जानेवारी ते डिसेंबर चालतं. समजा नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर्स वेस्ट झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सगळे विकले. कर-निर्धारण वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये विक्रीचा नफा येणारच, आणि शेड्यूल एफएमध्ये ३१ डिसेंबर २०२४ ला ते तुमच्याकडे होते हेही येणार. पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये हेच शेअर्स पुन्हा दाखवायचे, कारण जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये तुम्ही मालक होता! इथेच बहुतेक जण चुकतात. वेस्ट न झालेले युनिट मात्र अजून तुमचे शेअर्स नसतात.

शेअर्स ए३ तक्त्यात जातात. सुरुवातीचं मूल्य, वर्षातलं सर्वोच्च मूल्य, ३१ डिसेंबरचं मूल्य, मिळालेला लाभांश, विक्रीची रक्कम, सगळं रुपयांत. दर स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, त्या-त्या तारखेचा. सर्वोच्च मूल्य शोधणं कंटाळवाणं काम आहे, म्हणून ब्रोकरचं स्टेटमेंट आर्थिक वर्षाचं न घेता कॅलेंडर वर्षाचं डाउनलोड करा.

एनआरआय असाल तर हे शेड्यूल भरायचं नाही. परदेशातून नुकतेच परतला असाल तर आधी आरएनओआर आहात का ते तपासा: आधीच्या १० आर्थिक वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस. तसं असेल तर अजून सुटका आहे. पूर्ण निवासी झालात की तिकडची जुनी खाती, शेअर्स, सगळं आलं. इथे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला थोडी सवलत आहे: अनिवासी असताना घेतलेली मालमत्ता, तिच्यातून त्या वर्षी उत्पन्न नसेल तर, दाखवणं सक्तीचं नाही. आपल्या पासपोर्टवाल्यांना ही सवलत नाही.

न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो, कर एक रुपयाही बुडवला नसला तरी. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. दंड गेला, जाहीर करण्याची सक्ती आहेच. आणि माहिती लपत नाही: फॅटकाबद्दलचा भारत-अमेरिका करार २०१५ चा आहे, त्याखाली तिकडच्या खात्यांची माहिती आयकर खात्याकडे येते.