आखाजीचं साल

बहिणाबाई चौधरींचं माहेर असोदं आणि सासर जळगाव. दोन गावांमधलं अंतर इतकं थोडं, की सकाळी निघालेला माणूस काम उरकून, ऊन चढायच्या आत पायी परत येईल. तरीही 1952 साली छापल्या गेलेल्या त्यांच्या गाण्यांत माहेरच्या वाटेची ओढ अशी आहे, जणू ते गाव सातपुड्याच्या पलीकडे असावं. आखाजीवर, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेवर, तर त्यांचं स्वतंत्र गाणंच आहे. तेव्हा माहेर दूर असायचं ते कोसांनी नव्हे, परवानगीने. तेराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला उंबरठा ओलांडायला मुऱ्हाळी लागायचा, सासूचा होकार लागायचा आणि शेतात तिच्या हातांची गरज नसावी लागायची. यातली शेवटची अट सगळ्यांत कडक होती. झोका, गाणी, आमरसाचं जेवण अशा साध्या सुखांचा सण म्हणून आज आखाजीचं कौतुक होतं. ती सुखं खरीच आहेत. पण ती आपोआप मिळालेली नव्हती. खानदेशातल्या शेतीच्या वर्षात एक फट होती. त्या फटीत हा सण बसला, आणि म्हणूनच घरातल्या मायेला हक्काची जागा मिळाली, असं माझं म्हणणं आहे.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी लेक माहेरी येते ती दिवाळीला. अक्षय्य तृतीया तिकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, फार तर सोनं घेण्याचा मुहूर्त. जळगाव-धुळ्याकडे मात्र लेकींचा मान आखाजीला. गौराई बसते, निंबाला दोर बांधले जातात, खापरावर मांडे भाजले जातात. हा फरक कशामुळे, याचं उत्तर मला पोथीपेक्षा कापसात दिसतं. खानदेशात कापूस जुनाच, पण 1860 नंतर त्याला वेगळीच किंमत आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोचली. पुढे जळगावात, मग अमळनेरात आणि धुळ्यात गिरण्या निघाल्या. कापसाची वेचणी ही मुख्यतः बायांच्या हातांवर चालते, आणि दिवाळीच्या सुमारास ती ऐन भरात असते. तेव्हा तरण्या सुनेला पंधरा दिवस माहेरी धाडणं म्हणजे बोंडं झाडावरच सोडणं. वैशाखात चित्र पालटतं. गहू, हरभरा, दादर ज्वारी घरात आलेली असते, विहिरी तळाला गेलेल्या असतात, पारा पंचेचाळिशीकडे सरकत असतो आणि मृगाला अजून महिनाभर अवकाश असतो. या दिवसांत सुनेला सोडणं सासरला परवडतं. सण कापसाहून जुना आहे, यात शंका नाही. पण तो दिवाळीला भारी पडला, त्यामागे हा हिशेब असावा.

हिशेब हा शब्द इथे मुद्दाम वापरतो आहे, कारण खानदेशात शेतगड्याचं सालही आखाजीलाच संपतं. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. रोख किती, धान्य किती, कपडे-वहाणा कोणत्या, उचल किती, हे सगळं या दिवशी ठरतं. जुनं साल फिटतं, नवं सुरू होतं. आणि त्याच दिवशी घरात पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजली जाते, विस्तवावर आगारी टाकली जाते. गेलेल्यांचं देणं, राबणाऱ्याचं देणं आणि दिलेल्या लेकीचं देणं असं एकाच तिथीला चुकतं करणारा सण मला दुसरीकडे दिसत नाही. गावोगाव रंगणारे पत्त्यांचे डावही याच मोकळीकीतले. पोलिसांना ते रुचत नाहीत, घरच्या बायांना तर त्याहून नाही, पण हाती पैसा आणि डोक्यावर ऊन असलेल्या पुरुषांनी दुसरं काय करावं, असं गावाने ठरवून टाकलेलं दिसतं.

यावर कोणी म्हणेल की हे सगळं जमीनवाल्यांच्या घरचं सुख झालं. झोका मालकाच्या निंबाला, आणि सालदाराला मिळालं काय? आक्षेप खरा आहे आणि तो टाळून आखाजीवर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. उचल न फिटल्यामुळे पुन्हा त्याच मालकाकडे साल धरणाऱ्या गड्याला आखाजी म्हणजे सुटका नव्हतीच. बेडीचा नवा वर्षभराचा करार होता. 1972 च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंतींच्या सोबतीने भिल्ल शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा हातची गेलेली जमीन आणि सालदाराची मजुरी हेच तिचे मुख्य प्रश्न होते. सण सगळ्यांना सारखा नव्हता, हे त्यातून दिसतंच. पण त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. ठरलेल्या दिवशी हिशेब व्हायलाच हवा, ही अपेक्षा गावात रुजलेली होती. म्हणून तो हिशेब चुकतोय, असं भर चौकात म्हणता आलं. ज्या नात्याला वर्षाचा शेवट नसतो, त्यात भांडायलाही जागा सापडत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: माया ही माया असते, तिला शेतीच्या ताळेबंदात कशाला ओढायचं? मला वाटतं, ताळेबंदाने ती उणी होत नाही. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं. त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, मुहूर्ताचा दिवस म्हणून आखाजीला लहान मुलींची लग्नं लागत. ज्या दिवशी एक मुलगी घर सोडत होती, त्याच दिवशी शेजारची माहेरी येऊन झोक्यावर बसत होती. झोक्यावरच्या गाण्यांत सासू, दीर, नणंद यांच्यावर मनसोक्त तोंडसुख घेता येत असे आणि त्याबद्दल कोणी जाब विचारत नसे. इतकी मुभा भावनेच्या भरात मिळत नाही. तिला रिवाजाचं संरक्षण लागतं.

आज ती फट बुजत चालली आहे. रावेर-यावलच्या केळीला वैशाख आणि कार्तिक यांत फरक नाही, आणि ठिबकवर कापूस मे महिन्यातच टोचला जाऊ लागला. गुलाबी बोंडअळीला आवर घालायचा म्हणून सरकारने काही वर्षं जूनआधी कापूस बियाणं विकायला बंदी घातली, तेव्हा कृषी खात्याने नकळत वैशाख पुन्हा मोकळा करायला घेतला असं म्हणावं लागेल, शेतकऱ्यांना त्या बंदीतल्या पळवाटा तोंडपाठ असल्या तरी. लेकींच्या येण्याचं गणित आता शाळेच्या सुट्टीवर बसलं आहे. सुरतेत उधना-लिंबायतला राहणारी खानदेशी कुटुंबं तापी खोऱ्याच्या गाडीने निघतात ती मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर. आखाजी मे महिन्यात आली की घरं भरतात, एप्रिलमध्ये आली की फोनवर भागतं. सालदारांच्या बाबतीत तर फासे उलटे पडले आहेत. वर्षभर राहील असा गडी मिळणं अवघड, म्हणून आखाजीच्या आधी पंधरा-पंधरा दिवस मालकच त्याच्या दारात खेपा घालतात, आणि सालाचा आकडा ठरतो तो बहुधा सालदाराच्या तोंडून.